भरपाई मालकाच्या खिशातून. पण खिसा तपासतो कोण?

२० जुलै १९५७ ची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास मुंबईच्या बेस्ट बससेवेच्या एका चालकाने जोगेश्वरी डेपोत आपली बस लावली, ड्यूटी संपवली आणि सांताक्रूझला घरी जायला तो बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. घोडबंदर रोडवर अंधेरीच्या इर्ला पुलाजवळ एक लॉरी वेडीवाकडी उभी होती. बस तिच्यावर आदळली, चालक रस्त्यावर फेकला गेला आणि २६ जुलैला वारला. त्याच्या विधवेने १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखाली अर्ज केला. या कायद्याखालच्या आयुक्तांनी तो फेटाळला. ड्यूटी संपली होती, मग हा कामावरचा अपघात कसा? उच्च न्यायालयाने उलटे ठरवले. बेस्ट सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९६३ मध्ये तिथेही हरली. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी म्हटले की बेस्टची बससेवा ही एकसंध यंत्रणा आहे. चालकाला गणवेशात फुकट प्रवास मिळतो तो मेहेरबानी म्हणून नव्हे, सेवा वेळेवर चालावी म्हणून; त्यामुळे घरी जाणाऱ्या बसमध्येही तो नोकरीच्याच ओघात होता.

कामाची हद्द कारखान्याच्या फाटकावर संपत नाही, हे सांगायला वकील मंडळी हा निकाल अजून काढतात. मला त्यातली दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते. खटल्याच्या शीर्षकात दोनच पक्ष आहेत, बेस्ट आणि ती विधवा. निकाल बाजूने लागल्यावर पैसे हातात पडतील का, ही काळजी तिला नव्हती. बेस्ट ऑगस्ट १९४७ पासून महापालिकेची. ती पत्ता बदलून गायब होणार नव्हती. तोच चालक साकीनाक्याच्या एखाद्या गाळ्यातल्या मालकाच्या टेम्पोवर असता आणि हाच निकाल हाती आला असता, तर बाईंची खरी लढाई निकालानंतर सुरू झाली असती.

अपघाताची भरपाई मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची, म्हणजे मालकाने स्वतःच स्वतःची विमा कंपनी व्हायचे. याला जगभर स्वविमा म्हणतात आणि बहुतेक ठिकाणी ती कमवावी लागणारी परवानगी असते. अमेरिकेत प्रत्येक राज्याचे याबाबतचे नियम वेगळे, पण गाभा सारखा. कंपनीने लेखापरीक्षित ताळेबंद दाखवायचे, राज्याकडून प्रमाणपत्र घ्यायचे, बँकेचे हमीपत्र किंवा बाँड अनामत ठेवायचा आणि एका मर्यादेपलीकडच्या मोठ्या दाव्यांसाठी वरचा विमा उतरवायचा. एवढे करूनही एखादी स्वविमाधारक कंपनी दिवाळ्यात निघालीच, तर तिच्या जखमींचे पैसे बाकीच्या स्वविमाधारकांनी मिळून भरायचे. कॅलिफोर्नियाने यासाठी १९८४ मध्ये स्वतंत्र सुरक्षा निधीच उभारला. नॉर्थ डकोटा आणि वायोमिंग ही राज्ये तर स्वविम्याची परवानगीच देत नाहीत. तिथे विमा फक्त राज्याच्या निधीकडे. टेक्सास दुसऱ्या टोकाला, तिथे खासगी मालकावर विम्याची सक्तीच नाही.

आपल्याकडे चित्र कॅलिफोर्नियाच्या अगदी उलटे आहे. १९२३ च्या कायद्याने भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली, पण विमा काढायची सक्ती केली नाही, अनामत मागितली नाही, ऐपत आहे का तेही विचारले नाही. राज्य कामगार विम्याच्या, म्हणजे ईएसआयच्या, छत्राबाहेरचा प्रत्येक मालक आपसूक स्वविमाधारक झाला. जी गोष्ट कॅलिफोर्नियात बड्या कंपनीलाही अर्ज करून मिळवावी लागते, ती मरोळच्या पत्र्याच्या शेडला जन्मतःच मिळते. गंमत म्हणजे आपल्या कायद्यांना अटी घालता येत नाहीत असे नाही. जिथे अटी घातल्या आहेत तिथे त्या नेमक्या अशा संस्थांना घातल्या आहेत ज्या पैसे बुडवण्याची शक्यता सर्वांत कमी.

ही रचना आली इंग्लंडातून. तिथल्या १८९७ च्या कायद्याने चूक कोणाची हे न पाहता मालकाला भरपाई द्यायला लावली, पण पैसे कुठून आणायचे ते त्याच्यावर सोडले. जर्मनीत बिस्मार्कने १८८४ मध्येच उद्योगवार मंडळे करून सगळ्या मालकांची वर्गणी एकत्र केली होती. इंग्रजांना ते सरकारी वाटले. खाणमालक बुडू लागले आणि जखमी खाणकामगार रिकाम्या हाताने राहू लागले, तेव्हा १९३४ मध्ये निदान कोळसा खाणींपुरता विमा सक्तीचा झाला. १९४८ मध्ये इंग्लंडने सगळी पद्धतच मोडीत काढून सरकारी औद्योगिक विमा आणला. म्हणजे ज्या घरातून आपण हे फर्निचर आणले, त्या घराने ते कधीच भंगारात काढले. आपल्याकडे अजून दिवाणखान्यात आहे.

कायदा १ जुलै १९२४ पासून अंमलात आला तेव्हा मुंबईच्या गिरणीमालकांनी मात्र झटकन हिशेब केला. एकेकट्याने जोखीम अंगावर घेण्यापेक्षा त्यांनी १९२४ मध्येच आपली परस्पर विमा संस्था काढली: मिलओनर्स म्युच्युअल. सभासद गिरण्यांनी पैसे घालायचे आणि अपघाताचे दावे त्यातून भागवायचे. आजच्या भाषेत हा गटाचा स्वविमा. कोणी सक्ती केली नव्हती. फक्त गिरण्या मोठ्या होत्या, संघटित होत्या आणि एकमेकांना ओळखत होत्या. साकीनाका, मरोळ, भांडुपच्या गाळ्यांत यातले काहीच नाही.

सरकारलाही बहुधा या कायद्याचा कमकुवतपणा ठाऊक होता. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम दिले गेले. त्यांचा अहवाल १९४४ चा. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला, १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत आणि १९५४ मध्ये मुंबईत योजना सुरू झाली. त्याआधी दुसऱ्या महायुद्धाच्या धास्तीने १९४३ चा युद्धजन्य इजांचा कायदा झाला होता. त्यात मालकाने कामगारांसाठी सरकारकडून विमा घेणे सक्तीचे होते. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. शत्रूच्या बाँबसाठी सक्तीचा विमा आणि पॉवर प्रेससाठी ऐच्छिक! पॉवर प्रेसने जितकी बोटे नेली तितकी कोणत्याही शत्रूने नेली नसतील.

ईएसआय आणि जुना भरपाई कायदा यांच्यातला फरक आकड्यांत पाहिला की लगेच डोळ्यांत भरतो. महिना १८,००० रुपयांवर काम करणारा ३० वर्षांचा प्रेस ऑपरेटर घेऊ. ईएसआयमध्ये त्याचा मालक महिन्याला ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये भरतो आणि कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के म्हणजे १३५ रुपये कापले जातात. कामावर मृत्यू झाला तर कुटुंबाला साधारण ९० टक्के पगाराइतके मासिक निवृत्तिवेतन लागू होते. त्यातला तीन पंचमांश वाटा विधवेला, बाकी मुलांना. मालकाने वर्गणी बुडवली असली तरी महामंडळाने आधी कुटुंबाला द्यायचे आणि मग मालकाकडून वसूल करायचे, असे कायद्यातच आहे. मालक बुडाला तरी योजना उभी राहते, ही ईएसआयची खरी ताकद.

तोच माणूस ईएसआयबाहेर असेल तर १९२३ च्या कायद्यातून आलेला हिशेब लागतो. पगार १८,००० असला तरी मोजला जातो १५,०००. ही कमाल ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती. मृत्यूसाठी निम्मा पगार गुणिले वयाचा गुणांक. तिशीचा गुणांक २०७.९८. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, १५,५९,८५० रुपये, एकदाच. कायम पूर्ण अपंगत्वाला निम्म्याऐवजी ६० टक्के पगार धरतात, ती रक्कम १८,७१,८२०. तर्जनी पूर्ण गेली तर कमाईची क्षमता १४ टक्के गेली असे परिशिष्ट सांगते. तिचे सुमारे २,६२,००० रुपये. अंगठ्याला ३० टक्के. पैसे महिन्याभरात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

कागदावर हे वाईट नाही. पण १५,५९,८५० रुपये देणार कोण? सहा माणसे, दोन पॉवर प्रेस, भाड्याचा गाळा आणि ओव्हरड्राफ्टवर चालणारा धंदा. मालक वाईटच असतो असे नाही; पुष्कळदा तोही काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या प्रेसवर बसलेला असतो. त्याच्याकडे हे पैसे नसतात, एवढेच. आदेश झाला आणि पैसे आले नाहीत तर आयुक्त वसुलीचा दाखला देतात आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची असते. म्हणजे प्रकरण वांद्र्याच्या उपनगर जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तिथून तहसीलदाराकडे. तलाठी जप्तीला पोचतो तेव्हा गाळा भलत्याच नावाने चालू असतो, प्रेस कर्जात, आणि टेम्पो मेहुण्याच्या नावावर.

ईएसआयची रेषा कुठे पडते, हे उपनगरांत फार महत्त्वाचे आहे. कारखाना दहा माणसांवर गेला की लागू. दुकाने आणि इतर आस्थापनांसाठी बहुतेक राज्यांनी हीच दहाची रेषा घेतली, पण महाराष्ट्र बरीच वर्षे वीसवर अडून राहिला. हजेरीपत्रकात नऊ नावे ठेवायची आणि दहावा ‘रोजंदारीवर’ दाखवायचा, ही युक्ती गाळ्यागाळ्यांत माहीत आहे. वरच्या बाजूला पगाराची रेषा: १ जानेवारी २०१७ पासून २१,०००. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. हेल्पर ईएसआयमध्ये सुरक्षित असतो. तोच पाच-सात वर्षांनी सीएनसी ऑपरेटर किंवा लिफ्ट मेकॅनिक झाला, पगार पंचविसावर गेला, की वर्गणीचा कालावधी संपताच योजनेबाहेर पडतो आणि पुन्हा मालकाच्या खिशावर येतो. तिथे त्याचा पंचवीस हजारांचा पगार पंधराच मोजला जातो. कौशल्य वाढले, जोखीम तीच आणि संरक्षण कमी.

ईएसआयबद्दल भाबडे राहून चालणार नाही. मरोळ एमआयडीसीतले कामगार रुग्णालय १७ डिसेंबर २०१८ ला पेटले आणि विमा उतरवलेल्या माणसांचाच तिथे जीव गेला. मुलुंड आणि कांदिवलीच्या कामगार रुग्णालयांविषयी रांगेतल्या कोणालाही विचारा, तक्रारींची यादी मिळेल. पण रोख लाभाच्या बाबतीत, पैसे देणारा उद्या असेल का हा प्रश्न तिथे पडत नाही.

मोठ्या मालकांना या योजनेतून सूट मिळू शकते. आपल्या कायद्यात अमेरिकी नियमांच्या सर्वांत जवळ जाणारी तरतूद हीच. १९४८ च्या कायद्याच्या कलम ८७ प्रमाणे राज्य सरकार एखाद्या कारखान्याला सूट देऊ शकत असे, पण एका वेळी वर्षभरच, आणि तिथल्या कामगारांना ईएसआयच्या तोडीचे किंवा त्याहून चांगले लाभ मिळत असतील तरच. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या तीन महिने आधी करावा लागे. महापालिकांच्या कारखान्यांसाठी कलम ९० होते, तिथेही अट तीच. तत्त्व चांगले आहे: स्वतः करायचे तर सरकारपेक्षा कमी देता येणार नाही. पण तपासणी लाभांची होते, त्यामागच्या पैशाची नाही. कामगारांना दवाखाना आहे का, आजारपणाची पगारी रजा आहे का, हे पाहतात. कंपनी पाच वर्षांनी बंद पडली तर अपंगांचे काय, यासाठी वेगळी अनामत कोणी मागत नाही.

पैशाची तपासणी आपल्याकडे एकाच ठिकाणी नीट लिहिलेली आहे, आणि ती मोटारींच्या कायद्यात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार तृतीय पक्षाचा विमा सर्वांना सक्तीचा. मात्र स्थानिक संस्था आणि राज्य परिवहन उपक्रमांना सरकार सूट देऊ शकते, एका अटीवर. त्यांनी नियमांप्रमाणे स्वतःचा निधी उभारून तो चालू ठेवला पाहिजे. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यातही, भोपाळनंतरच्या त्या वातावरणात, हाच मार्ग ठेवला: घातक रसायने हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा, सरकारी कंपन्या आणि स्थानिक संस्थांना निधीच्या अटीवर सूट. आता यातली खोच पाहा. मोटारींचा निधी मुख्यतः रस्त्यावरच्या तिऱ्हाईतासाठी, आणि १९९१ चा कायदा तर कामगाराला स्पष्टपणे वगळून बाहेरच्या माणसापुरताच आहे. कारखान्याच्या भिंतीबाहेर वायू गेला तर निधी तयार, भिंतीच्या आत गेला तर मालकाचा खिसा.

केंद्र आणि राज्य सरकारे स्वतः तर आणखी पुढे. सरकारी मालमत्तेचा विमा सहसा काढू नये, असे केंद्राचे वित्तीय नियमच सांगतात. तिजोरी हाच विमा. लोकलच्या रुळांवर काम करणाऱ्या ट्रॅकमनची भरपाई रेल्वे स्वतः देते. तिथे रक्कम वेळेवर मिळते का, यावर वाद होऊ शकतो. मिळणारच नाही असे होत नाही.

बेस्टकडे परत यायला हवे, कारण गेल्या काही वर्षांत तिथे मोठा बदल झाला आहे आणि त्याची चर्चा भाड्याच्या आणि फेऱ्यांच्या अंगानेच होते. २०१९ पासून बेस्ट कंत्राटदारांकडून बस भाड्याने घेते. गाडी त्यांची, दुरुस्ती त्यांची, चालकही त्यांचा. रस्त्यावरच्या ताफ्यात आता निम्म्याहून अधिक गाड्या अशा. गाडीवर बेस्टचे नाव, चालकाच्या पगारपत्रकावर दुसऱ्याचे. मोटार कायद्यामुळे या खासगी गाडीच्या विम्यात चालक येतोच, पण त्या गाडीच्या अपघातापुरता. ड्यूटी संपवून दुसऱ्या बसने घरी जाणारा चालक त्यात बसत नाही. मग दावा कंत्राटदाराच्या खिशावर, नाहीतर मुख्य मालक म्हणून बेस्टवर. १९२३ च्या कायद्यातल्या कलम १२ पासून मुख्य मालक कंत्राटी कामगारासाठी जबाबदार आहे खरा, पण अपघात मुख्य मालकाच्या कामाच्या जागेत किंवा तिच्या आसपास झाला पाहिजे. शहरभरचा रस्ता ही बेस्टची जागा का? चांगला वकील दोन्ही बाजूंनी वर्षभर बोलू शकेल. ज्या उपक्रमाच्या ऐपतीवर १९५७ च्या विधवेचा दावा उभा होता, त्याच्या आणि चालकाच्या मधे आता एक कंपनी आली आहे आणि तिची ऐपत तपासण्याची जागा कायद्यात नाही, निविदेच्या अटींत आहे.

प्रवासातल्या अपघाताचा मुद्दा अलीकडे बराच सुटला. ईएसआय कायद्यात २०१० मध्ये येण्याजाण्यातले अपघात घातले गेले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच अर्थ १९२३ च्या कायद्यालाही लावला. प्रकरण मराठवाड्यातल्या साखर कारखान्याच्या वॉचमनचे. पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघालेला हा माणूस कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, २२ एप्रिल २००३ रोजी अपघातात गेला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिले. बावीस वर्षे लागली, आणि समोर गरीब मालक नव्हता, सरकारी विमा कंपनी होती. विमा असला की भरपाई लगेच मिळते, असे समजणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी. विम्याने बुडण्याचा धोका जातो. भांडण्याचा जात नाही. उलट विमा कंपनीकडे भांडायला वकील कायमचे नेमलेले असतात.

स्वविम्याची खरी परीक्षा मात्र अपघातात नाही, रोगात आहे. बोट जाते ते एका क्षणात. ॲसबेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले की त्रास वीस-पंचवीस वर्षांनी सुरू होतो. मुंबईतल्या एका ॲसबेस्टॉस कारखान्याच्या १८१ कामगारांची डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केलेली पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली; साधारण पाचातल्या एकाला ॲसबेस्टॉसिस होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या दहा वर्षे आधी, जानेवारी १९९५ मध्ये, ॲसबेस्टॉस कारखान्यांना प्रत्येक कामगाराचा आरोग्य विमा उतरवायला सांगितले होते आणि आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या सुरुवातीपासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून १५ वर्षे, जे नंतरचे असेल तोवर, ठेवायला सांगितल्या होत्या. आता घाटकोपरहून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाने जा. जिथे भोंगे वाजत तिथे मॉल, बहुमजली इमारती, सेल्स ऑफिस. चाळीस वर्षांच्या नोंदी कुठल्या तळघरात ठेवल्या असतील? मालकाने मालमत्ता विकली तरी भरपाईचा पहिला बोजा त्या मालमत्तेवर राहतो, असे १९२३ च्या कायद्याच्या कलम १४अ मध्ये होते. पण तो बोजा देय झालेल्या भरपाईचा. ज्याचा खोकला कारखाना पाडल्यावर दहा वर्षांनी वाढला, त्याच्यासाठी त्या जमिनीवर काहीही लिहिलेले नसते. परदेशी नियमांत अनामत परत द्यायला वर्षानुवर्षे लावतात त्याचे कारण हेच. आपल्याकडे अनामतच नसल्यामुळे परत द्यायचा प्रश्न येत नाही.

महाराष्ट्राने स्वतःच्या अकलेने एक वेगळी वाट काढली होती, तिचा उल्लेख या चर्चेत क्वचित होतो. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याने हमालांना एका मालकाचे न ठेवता मंडळाकडे नोंदवले. व्यापारी मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतात. आणि भरपाई कायद्याच्या बाबतीत, जिथे मंडळ मजुरी वाटते तिथे मंडळच मालक समजायचे. ज्या माणसाला दिवसात पाच दुकाने मालक म्हणून असतात त्याचा मालक कोण, हा प्रश्न एका ओळीत सोडवला. १९८१ च्या सुरक्षारक्षक कायद्याने मंडळाची हीच कल्पना वॉचमनपर्यंत नेली. मंडळांचा कारभार कसा चालतो यावर बोलावे तेवढे थोडे. पण छोट्या छोट्या मालकांची जोखीम एकत्र करायची तर ती अशी करता येते, हे या राज्याला पन्नास वर्षांहून जास्त काळ ठाऊक आहे. बांधकाम कामगारांचे कल्याण मंडळही उपकरातून कामावरच्या मृत्यूला पाच लाख देते. ते कल्याण आहे, भरपाई नाही, आणि कामगाराची नोंदणी जिवंत असेल तरच.

मधल्या काळात उपनगरांत रूढ झालेली पद्धत म्हणजे तडजोड. प्रेसवर बोट गेले की मालक स्वतःच खासगी दवाखान्यात नेतो, बिल भरतो, दोन महिन्यांचा पगार देतो आणि एका कागदावर सही घेतो. मालकाला वाटते मिटले. मिटलेले नसते. करार आयुक्तांकडे नोंदवला नसेल तर पूर्ण भरपाईची जबाबदारी तशीच उभी राहते. हक्क सोडून देणारा करार तर मुळातच रद्द. मृत्यू झाला असेल तर पैसे आयुक्तांकडेच जमा करावे लागतात; कुटुंबाच्या हातात परस्पर दिलेले पैसे, तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल सोडली तर, भरपाईत धरत नाहीत. पण दावा करायची मुदत दोन वर्षे, आणि बोट गेलेला मुलगा तोवर आझमगडला किंवा धाराशिवला परतलेला असतो. २०१७ पासून नोकरीवर घेतानाच भरपाईच्या हक्काची लेखी माहिती देणे मालकाला बंधनकारक आहे, न दिल्यास १९२३ च्या कायद्यात ५०,००० ते एक लाखाचा दंड होता. असा कागद हातात पडलेला कामगार मला अजून भेटायचा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या आणि १९२३ व १९४८ चे दोन्ही कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. घरून कामावर येतानाचा अपघात आता भरपाईच्या प्रकरणात शब्दांत लिहिला आहे. ईएसआय देशभर, आणि धोकादायक उद्योगात एका कामगारालाही. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांसाठी ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के भरायचे. हे सगळे पुढचे पाऊल आहे. मात्र ईएसआयबाहेरच्या मालकाने भरपाईसाठी विमा काढावा किंवा पैशाची हमी द्यावी, अशी सक्ती या प्रकरणात आजही नाही. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत संसदेने हे १९८७ मध्येच करून दाखवले होते: विमा सक्तीचा, पण ज्यांचा मान्यताप्राप्त निधी आहे किंवा पाचशेवर कामगार असून जे तो उभारतील त्यांना सूट. कर्नाटकने त्यासाठी २०२४ मध्ये नियमही केले. म्हातारपणीच्या रकमेला विमा किंवा निधी, आणि हात गेला तर नुसता मालकाचा शब्द, हा क्रम कोणाला सुचला कोण जाणे. नियम करण्याचे बरेचसे अधिकार राज्याकडे आहेत; परवाना आणि नोंदणी देताना पॉलिसी किंवा बँक हमी मागायला महाराष्ट्राने सुरुवात केली तरी पुष्कळ होईल. दहापेक्षा कमी माणसांच्या गाळ्यांसाठी माथाडी मंडळाच्या धर्तीवर एमआयडीसीनिहाय निधी काढणे अवघड असेल, अशक्य नाही.

तोवर सक्तीची उणीव बाजारच आपल्या परीने भरून काढतो आहे, आणि त्यात पुढाकार आहे तो मुलुंड-बोरिवलीच्या हाऊसिंग सोसायट्यांचा. रंगकाम किंवा गळतीचे काम काढले की कमिटी कंत्राटदाराकडे ‘डब्ल्यूसी पॉलिसी’, म्हणजे कामगार भरपाईचा विमा, मागते. कायद्याचे नाव २०१० मध्ये बदलले तरी बाजारात पॉलिसीचे नाव तेच. प्रत येते, फाइलला लागते आणि कोणी वाचत नाही. वाचायच्या गोष्टी मोजक्या आहेत. मुदत कामापेक्षा आधी संपते का. कामाचे स्वरूप ‘रंगारी, तळमजला’ लिहिले आहे की उंचीवरचे. पोटकंत्राटदाराची माणसे जोडली आहेत का. ती वेगळी जोडावी लागतात. वैद्यकीय खर्चाची जोड घेतली आहे का. व्याज आणि दंड सहसा पॉलिसीत येत नाहीत आणि दंड तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निकालाप्रमाणे मालकानेच भरायचा. आणि सर्वांत मुख्य, किती माणसे आणि किती पगार जाहीर केला आहे. प्रीमियम एकूण पगारावर ठरतो, म्हणून कंत्राटदार दोन्ही आकडे आखडतो: कागदावर सहा रंगारी, महिना १२,०००, परांचीवर आणि दोरीच्या झुल्यावर चौदा. पॉलिसीच्या प्रतीबरोबर सेक्रेटरीने त्या आठवड्याचे हजेरीपत्रक मागितले, तर हा फरक काम सुरू व्हायच्या आधी कळतो आणि जादा प्रीमियम भरून पॉलिसी दुरुस्त करून घेता येते. नाहीतर तो कळतो अपघातानंतर, विमा कंपनीच्या सर्वेक्षकाकडून. त्याचा पहिलाच प्रश्न असतो, पडलेला माणूस त्या सहांपैकी होता हे कशावरून.